जरिनाभाभीचा तंबू

आमच्या पलूसमध्ये ताडपत्री फाटली की माणूस जरिनाभाभीकडे जातो. द्राक्षवाला असो, बेदाण्याच्या शेडवाला असो, नाहीतर ट्रॅक्टरवर साखरेची पोती झाकणारा असो. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं पत्र्याचं शेड आहे. त्यात जाड सुईचं एक मशीन, आणि बाकी सगळी जमीन निळ्या, पिवळ्या, काळ्या ताडपत्र्यांनी भरलेली. मोठी शिवण असली की ती ताडपत्रीवरच बसते आणि सरकत सरकत शिवत जाते. मधेच कुणी "भाभी, हुईल का उद्यापतुर?" असं विचारलं तर मान वर न करता म्हणते, "उद्या म्हनलं की उद्याच हुतंय. आज दारात उबं राहून हुत न्हाई."

मी पायल. विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. शिकवत नाही, शिकवणाऱ्यांच्या रजा मांडते. पलूसहून रोज एसटीने जाऊन येऊन. जरिनाभाभीची आणि माझी गाठ पडली महापुराच्या साली. तेव्हा आम्ही कृष्णेकाठच्या आमच्या गावातच राहायचो, आणि तेच तिचं माहेर. म्हाताऱ्या आईला न्यायला म्हणून ती आली आणि आमच्याबरोबर शाळेतल्या छावणीत अडकली. नऊ दिवस आम्ही तिघी एकाच ताडपत्रीवर झोपलो: ती, मी आणि मुक्ताआत्या. मुक्ताआत्या ही माझ्या नवऱ्याची चुलत आत्या. साठी ओलांडलेली, द्राक्षबागेत बायकांच्या टोळीची मुकादम, तोंडात मिश्री आणि जिभेला हाड नाही.

पुरात आमच्याकडे एक रीत आहे. पाण्याच्या कडेला खुंटी रोवायची. तासाभराने बघायचं. खुंटी बुडाली तर पाणी चढतंय, कोरडी पडली तर उतरतंय. आणि पाणी एकदा उतरायला लागलं की माणूस सुटकेचा श्वास टाकून भांडी घासायला घेतो, कारण उतरलेलं पाणी परत येत नाही. वर पाऊस नाही, धरणातून सोडणं बंद झालं, मग येणार कुठून? ही गोष्ट आम्हाला इतकी पक्की ठाऊक आहे की तिच्याविरुद्ध कुणी बोललं तर आम्ही त्याला वेड्यात काढू. पुढे ह्याच शहाणपणाने आमचा घात केला.

जरिनाभाभीचा नवरा अफताब चार वर्षांपूर्वी गेला. चांगला माणूस होता. तो पिकअप चालवायचा आणि रानोरान जाऊन ताडपत्र्या पोचवायचा. तो गेल्यावर दीर इलियास म्हणाला, गाडी मी बघतो, तुम्ही मशीन बघा. इलियास काही वाईट नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, भावाच्या आजारपणात रात्री जागलाय. पण बाईला मदत करायची म्हणजे तिच्या हातातलं काढून घ्यायचं, असं समजणारी जी जात असते पुरुषांची, त्यातला तो आहे. जरिनाभाभी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. तिने काही वाद घातला नाही. तीन महिने पहाटे कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर गाडी शिकली, लायसन काढलं, आणि एके सकाळी स्वतःच माल घेऊन शिराळ्याला गेली. तेव्हापासून धंदा वाढला. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन माप घेणारी दुसरी कोण होती? बागवाल्यांच्या बायका तिला घरात बोलवून चहा पाजायच्या आणि नवऱ्याला सांगायच्या, हिच्याकडनंच घ्या. गाडी म्हणजे तिला नुसतं वाहन नव्हतं. ती गाडी होती म्हणून ती शेडातून बाहेर होती.

आता तंबूचं. साताऱ्याच्या काही डोंगर चढणाऱ्या पोरांनी तिला तंबू शिवायला सांगितला. तिने जन्मात तंबू पाहिला नव्हता. मिस्बाहने, म्हणजे तिच्या मुलीने, फोनवर चित्रं दाखवली. मिस्बाह अठरा पूर्ण, कॉलेजात जाते. आईसारखं गाडी शिकायचं म्हणते, शिकाऊ लायसनसुद्धा काढून बसली होती. काका म्हणतो, एक पुरे झाली घरात. तर भाभीने जाड ताडपत्रीचा, दुहेरी शिवणीचा, चार माणसं झोपतील असा तंबू शिवला. पोरं आली, उचलून बघितला आणि हसत सुटली. "मावशी, हा डोंगरावर न्यायला गाढव लागंल!" गेली ती गेलीच.

तंबू शेडात पडून राहिला. इलियास येता-जाता टोमणा मारायचा. "काय भाभी, कवा निघायचं तंबू घिऊन? कुटं जानार?"

एक दिवस तिचं डोकं फिरलं. "समुद्रावर," ती म्हणाली.

तिने समुद्र पाहिलेला नव्हता. शब्द तोंडातून गेला आणि मग तिने तो गिळला नाही. संध्याकाळी माझ्याकडे आली. "पायल, रजा टाक. आत्याला बी सांग. चार दिवस."

मीही शहाणी. चांदणं मिळावं म्हणून मी पौर्णिमा निवडली. मार्गशीर्षातली, थंडीची. आकाश स्वच्छ, पावसाचं नाव नाही. सगळं कसं जमून आलं होतं.

निघायच्या सकाळी इलियास गाडीपुढे येऊन उभा राहिला. घरात ते त्यांच्या बोलीत बोलतात, पण त्या दिवशी तो मराठीत बोलला, म्हणजे आम्हालाही आणि गल्लीलाही ऐकू जावं. "भाभी, एक आयका. गाडीला ओरखडा जरी आला, तर आल्या आल्या चावी माझ्या हातात. मग गाडी मी चालवीन. तुमी आपलं मशीन बघायचं. परत गाडीचं नाव काढायचं न्हाई."

मिस्बाह उंबऱ्यात उभी होती. जरिनाभाभीने आरसा सारखा केला, ओढणी मागे टाकली आणि गाडी सुरू केली. एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. एवढी खमकी बाई, आणि खाली मान घालून कबूल करते, असं मनात आलं. माझ्या मनात काय काय येतं त्याला काही धरबंध नाही.

पुढे तिघी दाटीवाटीने, मागे तंबू, भाकरी, खर्डा, भडंगाची पिशवी आणि मुक्ताआत्याचं गाठोडं. शिराळ्याला चहा घेतला, आंबा घाटात आत्याला दोनदा उलटी झाली, आणि दुपारी समुद्र दिसला. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत, उगाच त्यांची शोभा नको. जरिनाभाभीने गाडी कडेला लावली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या मात्र बराच वेळ इकडून तिकडे नजर फिरवत होती.

"येवडं पानी," ती म्हणाली, "आन एक बी मोटर बसवल्याली न्हाई!"

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पाणी खूप लांब गेलेलं होतं. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी पसरलेली. जरिनाभाभीने उतरून टाच आपटून पाहिली. "रान कडक हाय," म्हणाली, आणि गाडी सरळ खाली नेली. सुरूच्या झाडांपासून बरंच पुढे, एका खडकाच्या आडोशाला आम्ही थांबलो. वारा लागत नव्हता, समोर लाल सूर्य. मी एकदा म्हटलं, "पाणी वर आलं तर?"

"उतारलंय की ते," आत्या म्हणाली. "उतारल्यालं पानी माघारी येतंय व्हय? वर ढग तरी हाय का बग."

मला ते पटलं. लाज सोडून सांगते, मी भूगोल घेऊन बी.ए. झाले आहे. भरती-ओहोटीचा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी तो आकृतीसह सोडवला होता. पण परीक्षेतला समुद्र वेगळा आणि पायाखालचा वेगळा. पायाखाली वाळू आली तेव्हा माझ्यातली कृष्णाकाठची बाईच जागी होती.

तंबू उभा राहिला. खरंच देखणा होता, एखाद्या लहान घरासारखा. शेवटची एक खुंटी उरली ती घेऊन जरिनाभाभी पाण्यापर्यंत चालत गेली आणि कडेला रोवून आली. मी हसले. "पूर आलाय का भाभी?" ती म्हणाली, "सवय हाय गं. पानी दिसलं की खुंटी रोवल्याबिगार झोप लागत न्हाई."

अंधार पडताना मोटारसायकलवरून दोन तरुण आले. गाडी बघितली, तंबू बघितला, आम्हाला बघितलं. एकाने विचारलं, "बरोबर पुरुष कोण आहे?"

मुक्ताआत्याने भाकरीचा घास तोंडात घातला. "तू हायस की. का रं, लाकडं फोडून देतोस का?"

ते काहीतरी पुटपुटत गेले. पण नंतर सुरूच्या झाडांत तो मोटारसायकलचा दिवा दोनदा लागला आणि विझला, आणि आमची झोप उडाली. म्हणजे माझी आणि भाभीची. आत्या घोरत होती. मी तंबूच्या शिवणीकडे बघत पडले. मला घर आठवत होतं, "तिघी बायका एकट्या कशाला?" असं नवरा म्हणाला होता ते आठवत होतं, आणि उगाच आलो असं सारखं वाटत होतं. लाटांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला, तर मी म्हटलं भीतीमुळे वाटत असेल.

"खुंटी बघून येते," भाभी म्हणाली आणि बॅटरी घेऊन गेली.

ती परत आली ती पळत. "पायल, ऊठ. खुंटी न्हाई. एक काटकी रोवली, ती बी माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. पानी चढतंय."

"कसं चढंल? पाऊस कुठाय?" मी हे खरोखर म्हणाले.

बाहेर टपोरं चांदणं होतं आणि त्या चांदण्यात समुद्र आमच्यापासून पन्नास पावलांवर आला होता. मी आत्याला हलवून उठवलं. सामान गोळा करायचं भान कुणाला? भाभी गाडीत बसली. गाडीचं तोंड समुद्राकडे. रिव्हर्स टाकला, चाकं गरागरा फिरली आणि जागच्या जागी खाली गेली. पुन्हा केलं. आणखी खाली. संध्याकाळचं ते कडक रान आता रव्यासारखं सुटं झालं होतं.

झाडांतून बॅटरी हलवत लुंगीवाले एक काका धावत आले. तिथेच त्यांचं घर होतं. "अहो बाई, आज पौर्णिमा! उधाण आहे! मध्यरात्रीपर्यंत चढणार पाणी. माणसं आधी वर या. गाडीचं सकाळी बघू."

"सकाळी काय राहील?" भाभीने विचारलं.

काकांनी बॅटरी पाण्याकडे वळवली. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नसावा.

मी तिचा हात धरला. "भाभी, चल. गाडी गेली तर गेली. जिवापेक्षा मोठी हाय का?"

तिने माझा हात झटकला. इतक्या वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. "तुला एसटी हाय, पायल! मला हीच हाय! ही बुडाली की मी त्या शेडात, मरंस्तवर. आन मिस्बाह माझ्यामागनं त्याच शेडात. तुला जायचं तर जा. मी न्हाई येत."

मी गेले नाही. जायला वळले होते, हे मात्र इथे लिहून ठेवते. चार पावलं गेलेही होते. मागे चर्र असा आवाज आला म्हणून थांबले. भाभीने तंबूचे बांबू पाडले होते आणि गाडीत कायम असणाऱ्या ताडपत्रीच्या मोठ्या कात्रीने ती तंबू उभा कापत होती. तिने स्वतः शिवलेला, दुहेरी शिवणीचा.

"अगं, तंबू!" मी किंचाळले.

"काळ्या रानात गाडी रुतल्यावर चाकाखाली काय घालत्यात?"

पाचट घालतात. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की उसाचा वाळलेला पाला चाकाखाली कोंबायचा. इथे पाचट नव्हतं. तंबू होता.

मग मी आले. मी आणि आत्याने भाकरीच्या ताटांनी चाकांमागची वाळू उपसली. काका म्हणाले, हवा कमी करा, म्हणून आत्याने अंबाड्यातला आकडा काढून चारी चाकांची हवा सोडली. तंबूच्या दोन लांब पट्ट्या आम्ही मागच्या चाकांखाली हाताने कोंबल्या. तोवर ते दोघे मोटारसायकलवाले आले. ते झाडांतच होते. आम्हाला काही होऊ नये म्हणून होते की कशासाठी, मला आजही माहीत नाही. एकाने फोन वर धरून चित्रण चालू केलं. आत्याने त्याच्या मनगटावर चापटी मारली. "ठिव ते खिशात. मगाशी पुरुष हुडकत हुतास न्हवं? लाव खांदा."

गाडीच्या तोंडाकडून ढकलायचं म्हणजे समुद्राला पाठ लावायची. पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत होतं, एक लाट आली ती कमरेपर्यंत. भाभी गाडीत. दिव्यांच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता. ती ओठ दाबून काहीतरी पुटपुटत होती, अल्लाचं नाव घेत असेल नाहीतर आम्हाला शिव्या देत असेल. "लावा जोर!" आत्या ओरडली. गाडी डुलली. चाक ताडपत्रीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं, आणि एकदम गाडी मागे उसळली. आम्ही चौघं तोंडावर पाण्यात पडलो. गाडी थांबलीच नाही. भाभीने ॲक्सिलेटरवरचा पाय काढला नाही, सरळ वर, वर, आणि धाडकन सुरूच्या झाडावर जाऊन आदळली.

मागचा कोपरा चेपला. एक लाल दिवा फुटला. समोर आम्ही जिथे जेवलो होतो तिथे थोड्या वेळात नुसतं पाणी होतं.

भाभी खाली उतरली, चेपा बघितला आणि खदाखदा हसली. मग तिथेच मटकन बसून रडली. आत्याने तिला पोटाशी धरलं. मी ओल्या ताडपत्रीच्या पट्ट्या ओढून काढल्या. एकीवर चाकाची नक्षी उमटली होती.

सकाळी काकांच्या अंगणात चहा पीत मी म्हटलं, "वाटेत चेपा काढून घेऊ. दिवा बसवू. इलियासभाईंना कळणार नाही."

"रंग मारला की कुनाला कळतंय?" आत्याही म्हणाली.

भाभी बादलीने गाडीवर गोडं पाणी मारत होती. "मीठ लोखंड खातं, म्हनून धुतीया. चेपा ऱ्हाऊ दे. जशी हाय तशी न्यायाची."

"अगं, पण चावी?"

"बघू की." मग तिने बादली खाली ठेवली. "आन घरला आज न्हाई जायचं. अजून दोन दिस हायत आपले."

ते दोन दिवस तिने खरोखर सोडले नाहीत. चाकांत हवा भरून, फुटका दिवा कापडाने बांधून आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलो, रात्री गाडीच्या हौद्यात झोपलो, त्याही झाडांच्या वरच्या अंगाला, आणि तरी भाभीने पाण्याकाठी जाऊन खुंटी रोवलीच. परत येताना कुंभार्ली घाट चढून पाटण, कऱ्हाड करत आलो. कऱ्हाडला मी पुन्हा एकदा म्हटलं, इथे गॅरेजं भरपूर आहेत. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

दुपारी पलूसला पोचलो. तिने आडवाटेने यायचं टाळलं आणि गाडी भर बाजारातून आणली. इलियास दारातच होता. शेजारचेही दोघे-तिघे. तो गाडीभोवती फिरला. चेप्यापाशी थांबला, बोटाने दाबून पाहिलं. मग भाभीपुढे येऊन त्याने हात पसरला.

"चावी."

मिस्बाह उंबऱ्यात तशीच उभी, आईकडे बघत. माझ्या मनात आलं, आता ही देते. चार दिवस मी हेच समजून चालले होते.

भाभी उतरली, हौद्याचं फळकूट पाडलं, ओल्या तंबूच्या त्या दोन जड पट्ट्या उचलल्या आणि इलियासच्या पसरलेल्या हातावर ठेवल्या. एका हातात त्या मावेनात. त्याला दुसराही हात लावावा लागला.

"धरा. वाळत घालायच्या हायत."

"भाभी, ठरलं हुतं आपलं..."

"तुमी बोललासा. मी गाडी सुरू केली. मी व्हय म्हनल्यालं कुनी आयकलं का?" तिने गल्लीकडे बघितलं. कुणीच ऐकलेलं नव्हतं. मीसुद्धा. "गाडी मी रुतवली आन मीच काढली. चेपा मीच पाडलाय, त्यो तसाच ऱ्हानार. ज्याला बघायचा त्यानं बघावा. चावी मागायची न्हाई, भाईजान. आज न्हाई आन परत कवाच न्हाई."

ताडपत्रीतली वाळू इलियासच्या सदऱ्यावर सांडत होती.

भाभी पुन्हा गाडीपाशी गेली, पण ह्या वेळी डाव्या दारातून आत बसली. चावी तशीच लावलेली होती.

"मिस्बाह," तिने हाक मारली, "ये. बस तिकडनं."

मिस्बाहने एकदा काकाकडे बघितलं. मग चपला घालायलाही न थांबता स्टिअरिंगमागे जाऊन बसली. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. कुणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला सुरू झाली आणि रखडत, गचके खात गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तो चेपलेला कोपरा आमच्याकडे करून.

इलियास दोन्ही हातांत तंबू धरून बराच वेळ उभा होता. मग त्यानेच दोरीवर तो वाळत घातला.